किट कारसाठी वर्सा किंवा ईको उघडताना

लोखंडी पाइपांची हलकी चौकट, पुढे इंजिन, ताकद मागच्या चाकांना, दोन सीट आणि डोक्यावर छप्पर नाही. १९५७ साली इंग्लंडमध्ये लोटस सेव्हन आली, तेव्हापासून घरी बांधायच्या गाडीचा, म्हणजे किट कारचा, हा साचा ठरून गेला आहे. यात चौकट तेवढी नवी असते. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल, ब्रेक, वायरिंग हे सगळं एका जुन्या गाडीतून येतं. तिला डोनर म्हणतात. तिकडे डोनर म्हणून फोर्ड एस्कॉर्ट, सिएरा किंवा माझदा एमएक्स-५ उघडतात. आपल्याकडे मारुतीच्या ८००, अल्टो, झेन सहज मिळतात, पण त्यांचं इंजिन आडवं बसतं आणि ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे या साच्यात त्यांचा उपयोग नाही.

उरतात मारुतीच्या व्हॅन. ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन दुरुस्तीला सोपं, पण चारच गिअर आणि दम कमी. २०१० साली आलेल्या ईकोमध्ये ११९६ सीसी आणि पाच गिअर आहेत. वर्सामध्ये १२९८ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं जी१३बीबी इंजिन आहे. एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) जिप्सीतही तेच असल्यामुळे सुटे भाग मिळतात. वर्सा फारशी खपली नाही, म्हणून आज कमी दिसते. पण चांगली सापडली तर आधी तीच घ्या, नाहीतर ईको. दोन्हींत इंजिन पुढच्या सीटखाली लांबीच्या दिशेने बसतं आणि मागे अखंड एक्सल, कॉइल स्प्रिंगवर. पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंगवरचा एक्सल नव्या चौकटीत बसवण्यापेक्षा हा बसवणं कितीतरी सोपं.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असू द्या. अशी गाडी ठाण्यात घोडबंदर रोडवर किंवा नवी मुंबईत पाम बीच रोडवर नेता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नव्या गाडीच्या नमुन्याची चाचणी एआरएआयसारख्या संस्थेत व्हावी लागते. एकट्यादुकट्याने बांधलेल्या गाडीचं पासिंग होत नाही. ही गाडी खासगी आवारात, ट्रॅकवर किंवा कॉलेजच्या प्रकल्पासाठी बांधायची.

कागद आधी, पाना नंतर

गाडी एमएच-०४, एमएच-४३, एमएच-०५ किंवा एमएच-४६ ची असो, पैसे देण्याआधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. कर्जाचा बोजा आहे का, ई-चलान थकलंय का, १५ वर्षांपुढच्या गाडीचा पर्यावरण कर भरलाय का, हे तिथून सुरू होतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ विकणाऱ्याकडूनच घ्या. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी जुळवून बघा, तोही गाडीवर कोरलेला. विम्याच्या कागदावरचा नको. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी स्वतःच्या नावावर करा. नाव लावायचं टाळलं तर नोंदणी रद्द करताना मूळ मालकाला शोधत फिरावं लागतं.

गाडी कायमची वापराबाहेर गेली की कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. शिवाय २०२१ च्या नियमांनंतर अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रांची व्यवस्था आली आहे. तिथे अख्खी गाडी दिली तर ती तिथेच मोडली जाते आणि तुमच्या हाती भाग येत नाहीत. म्हणून पाना लावण्याआधी तुमच्या आरटीओच्या खिडकीवर जाऊन विचारा: आधी तपासणी, की आधी अर्ज, आणि चेसिस नंबरचा तुकडा जमा करायचा का. उत्तर लिहून घ्या. त्यांनी सांगितल्याशिवाय त्या नंबरच्या आसपास ग्राइंडर नेऊ नका.

जागा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. पेट्रोलची वाफ, ऑइलचे डाग आणि ग्राइंडरच्या ठिणग्या या तिन्ही गोष्टी रहिवासी इमारतीखाली नकोत. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात छोटा गाळा भाड्याने घ्या: किमान १५ बाय २५ फूट, सिमेंटची सपाट जमीन, दार पूर्ण उघडणारं. गाडी उघडली की तिची जागा दुप्पट होते हे भाडं ठरवताना लक्षात ठेवा. पावसाळ्यात आत पाणी येतं का ते मालकाला विचारू नका, शेजारच्या गाळेवाल्याला विचारा.

चेन पुली छपराच्या कैचीला कधीही टांगू नका. पत्र्याचं छप्पर धरण्यापुरतीच ती कैची बनवलेली असते. एक टनाची चेन पुली आणि भाड्याची लोखंडी गँट्री आणा. त्याशिवाय चार मजबूत घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, ट्रॉली जॅक, ८ ते २४ चा गोटी (सॉकेट) सेट, सहा कोनी गोट्यांचा, लांब टॉमी, ब्रेकच्या पाइपसाठी १० चा फ्लेअर पाना, ६ किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक. मारुतीवर बहुतेक काम १०, १२, १४, १७ आणि १९ या पाच मापांत होतं, ती मापं चांगल्या प्रतीची घ्या. बारा कोनी स्वस्त गोटी गंजलेल्या बोल्टचे कोपरे गोल करते, आणि मग अर्धा दिवस त्या एका बोल्टवर जातो.

गाडी चालू आहे तोवर

डोनर चालू स्थितीतच घ्या. बंद गाडी स्वस्त मिळते, पण तिच्यात काय बिघडलंय हे नव्या चौकटीत बसवल्यावर कळतं, आणि तेव्हा दोष गाडीचा की तुमच्या जोडणीचा हे ओळखता येत नाही. उघडण्याआधी ती चालवून प्रत्येक गिअर ऐका. तिसऱ्या-चौथ्यात वेग सोडल्यावर गिअर आपोआप सुटतो का, मागून किणकिण किंवा हुंकार येतो का, हे वहीत लिहा. चेक इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावर पेटून नंतर विझला पाहिजे. अजिबात पेटतच नसेल तर कोणीतरी बल्ब काढलेला असू शकतो.

इंजिन गरम असताना चारही प्लग काढून कॉम्प्रेशन बघा. जी१३बीबीला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४ किलो चांगलं, ११ च्या खाली गेलं तर इंजिन उघडावं लागणार. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: दोन सिलिंडरमध्ये एक किलोपेक्षा जास्त अंतर नको. एकच सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही.

आता सर्वात जास्त विसरलं जाणारं मोजमाप. सपाट जमिनीवर गाडी उभी करून फोनमधल्या लेव्हलने तीन कोन घ्या: इंजिन पुढे-मागे किती कललंय, डाव्या-उजव्या बाजूला किती कललंय, आणि मागच्या एक्सलच्या पिनियनचं (जिथे प्रोपेलर शाफ्ट जोडतो) तोंड किती वर आहे. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमधली जाळी त्या ठरावीक कलासाठी बसवलेली असते. चौकटीत इंजिन ‘सरळ दिसावं’ म्हणून कल काढून टाकला तर वळणावर जाळी उघडी पडून ऑइलचं प्रेशर जातं. गिअरबॉक्सचं मागचं तोंड आणि पिनियन यांच्या रेषा एकमेकींना समांतर राहिल्या पाहिजेत. तसं नसेल तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस दर फेरीला झटका देतात आणि ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते. हे कोन नंतर मोजता येत नाहीत, कारण मोजायला गाडीच उरत नाही.

गॅस आणि द्रव

ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या व्हॅनमध्ये सीएनजीचा सिलिंडर असण्याची शक्यता मोठी. त्यात २०० बारपर्यंत दाब असतो. व्हॉल्व्ह स्वतः सोडू नका, पाइपही कापू नका. अधिकृत किट बसवणाऱ्याकडे गाडी नेऊन सिलिंडर, रेग्युलेटर आणि पाइप काढून घ्या, मग गाडी गाळ्यात आणा. एसी असेल तर त्यातला आर-१३४ए गॅस एसीवाल्याकडच्या मशिनने ओढून घ्यायला सांगा. हवेत सोडला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट उष्णता धरतो, आणि बंद गाळ्यात श्वासालाही चांगला नाही.

पेट्रोलसाठी: इंधन पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. लाइनमधला दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा, पॉझिटिव्ह नंतर. टाकी रिकामी करून गाळ्याबाहेर सावलीत ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफच वाफ असते. तिच्याजवळ ग्राइंडर चालवायचा नाही.

इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिफरन्शियलचं ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल प्रत्येकासाठी वेगळा कॅन. जुनं ऑइल नाल्यात गेलं तर ते थेट खाडीत जातं. ते अधिकृत पुनर्वापरवाल्याकडेच द्यायचं, आणि त्यात कूलंट मिसळलं असेल तर तो घेत नाही. काढलेलं गिअर ऑइल बोटांत चोळून बघा. राखाडी चकाकी चालते. नखात अडकतील असे कण असतील तर गिअरबॉक्स उघडावा लागेल.

वायरिंग: इथे घाई नको

सीट, कार्पेट, ट्रिम काढायला अर्धा दिवस पुरतो, त्यावर वेगळं सांगण्यासारखं काही नाही. पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर ती एअरबॅगची आहे. बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय तिला हात लावू नका.

वायरिंग मात्र अखंड काढायची. एकही वायर कापायची नाही. नंतर नको असलेल्या वायरी टेबलावर शांतपणे काढता येतात, कापलेली वायर जोडताना मात्र प्रत्येक जोड हा नवा बिघाड असतो. प्रत्येक कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून एकच आकडा लिहा, आणि वहीत त्या आकड्यासमोर तो कुठला: १२, ऑक्सिजन सेन्सर, १३, रेडिएटर फॅन. टेपवर मार्करने लिहिलेलं ऑइलने पुसतं, त्यावर पारदर्शक टेपचा एक थर द्या.

वीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेलं प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं. कनेक्टर सोडण्याआधी केस वाळवायच्या ड्रायरने मिनिटभर गरम करा, खिट्टी दाबा, आणि कनेक्टरचं अंग धरून ओढा, वायर धरून नाही. खिट्टी दिसत नसेल तर ती खालच्या बाजूला असते. छोट्या डिसमिसने उचकटू नका. आधी फोनचा कॅमेरा खाली घालून बघा.

ईसीएम (इंजिनाचा संगणक), चावी, चावीभोवतीची इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) रिंग आणि इग्निशन स्विच हा एक संच आहे. ईकोमध्ये यातला एक जरी दुसऱ्या गाडीचा असेल तर इंजिन चालू होत नाही. चारही वस्तू एका पिशवीत, चावीच्या दोन्ही प्रतींसह. मुख्य रिले, पंपाचा रिले, फ्यूज बॉक्स आणि १६ पिनांचा तपासणी सॉकेट वायरिंगलाच लटकू द्या. बॉडीला जिथे जिथे अर्थिंगचा बोल्ट आहे तिथे फोटो घ्या आणि एकूण किती आहेत ते मोजून लिहा. हा आकडा पुढे कामी येणार आहे.

इंजिन खाली, बॉडी वर

गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंजनाशक ऑइल मारा. सकाळी आधी किंचित आवळा, मग सोडा. गंजाची पकड आवळताना तुटते. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे स्टड यालाही दाद देत नसतील तर गॅसच्या ज्योतीने नट लाल करा, अर्थात पेट्रोलची लाइन आणि टाकी गाळ्याबाहेर गेल्यावरच.

आधी प्रोपेलर शाफ्ट. पिनियनचा फ्लँज आणि शाफ्ट यांच्यावर ऑइल पेंटने एकच आडवी रेघ मारा, मग चार बोल्ट सोडा. शाफ्ट गिअरबॉक्समधून मागे ओढला की गिअर ऑइल सांडतं, ऑइल काढल्यानंतरही थोडं येतंच. दुधाची जाड पिशवी आणि रबरबँड तयार ठेवा. नव्या गाडीत शाफ्ट कापून आखूड करावा लागणार. लेथवाल्याला सांगा की दोन्ही टोकांचे काटे एकाच प्रतलात हवेत, आणि वेल्डिंगनंतर बॅलन्सिंग करून घ्या.

मग रेडिएटरचे पाइप, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल, गिअरच्या केबल, सायलेन्सर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बाजूला ठेवा. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, तो लोखंडाच्या वजनात देऊ नका.

इंजिन सीटखाली असल्यामुळे ते खाली उतरवायचं. गाडी चार घोड्यांवर, गिअरबॉक्ससकट इंजिनाखाली चाकांची ट्रॉली आणि लाकडी फळ्या. सगळं वजन ट्रॉलीवर आल्यावरच माउंटिंगचे बोल्ट काढा. आता इंजिन ओढायला बॉडी खूप उंच घोड्यांवर चढवण्यापेक्षा बॉडीचाच पुढचा भाग गँट्रीला बांधून चेन पुलीने उचला आणि ट्रॉली बाहेर सरकवा. दर दहा सेंटिमीटरला थांबून चारी बाजूंनी बघा. एखादा अर्थिंगचा पट्टा किंवा व्हॅक्यूमचा पाइप राहिलेला असतोच. बॉडीखाली कोणीही जायचं नाही, हात सुद्धा नाही.

माउंटिंगचे कंस, आडवा बीम, बोल्ट, वायसर सगळं जपा. बोल्ट पिशवीत भरण्यापेक्षा त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा. पिशव्या हरवतात, भोकं हरवत नाहीत.

इंजिन बाहेर आहे तोवर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि वॉटर पंप बदला. जी१३बीबीला टायमिंग बेल्ट आहे, तोही टेन्शनरसह. ईकोच्या जुन्या जी१२बीलाही बेल्टच आहे, तिथेही तेच करा.

एक्सल आणि पुढचा भाग

मागचा एक्सल ड्रम, हँडब्रेक केबल आणि लिंकच्या दांड्यांसह अखंड काढा. दांड्यांचे बॉडीवरचे कंस ग्राइंडरने कापून घ्या, नव्या चौकटीवर माप जुळवायला ते साच्याचं काम करतात. रबरी बुश आणि ब्रेकचे होज पाइप मात्र पुन्हा वापरू नका. व्हील सिलिंडर आणि कॅलिपरचे किट नवेच.

पुढे व्हॅनचा स्वभाव आडवा येतो. ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकांवर बसतो, त्यामुळे स्टेअरिंगचा दांडा उभा आहे आणि पेडल खाली दाबायची आहेत. पाय लांब करून बसायच्या गाडीत यातलं काही चालत नाही. दांडा आणि पेडल बॉक्स ८०० किंवा झेनचा घ्या. शिळ फाट्याजवळच्या भंगाराच्या गोदामांत किंवा कुर्ल्यात मिळतो, पावती मागून घ्या. पुढचे लांब स्ट्रटही बुटक्या बॉनेटखाली मावत नाहीत. तिथून नकल (चाकाचा हब धरणारा भाग), हब, डिस्क, कॅलिपर आणि स्टेअरिंग रॅक तेवढे घ्या, आणि नकलवर स्ट्रट जिथे बसतो त्या दोन भोकांमधलं अंतर मोजून ठेवा. वरच्या विशबोनचा (चाक धरणाऱ्या त्रिकोणी दांड्याचा) कंस त्यावरूनच बनतो.

खाडीची हवा

ऐरोली, वाशी, बेलापूर किंवा कळव्याजवळच्या गाळ्यात उघडं पोलाद काही दिवसांत तांबूस होतं, पावसाळ्यात तर रात्रीत. शाफ्टचे आटे, फ्लायव्हीलचा चेहरा, डिस्क आणि सिलिंडरची भोकं यांना काढल्याच्या दिवशीच ग्रीस किंवा ऑइल लावा; क्लच बसवताना फ्लायव्हील थिनरने स्वच्छ पुसायला विसरू नका. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाका आणि दर पंधरा दिवसांनी क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवा. भाग जमिनीवर नकोत, लाकडी पॅलेटवर. प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळलं तर आतच घाम सुटतो. जुनं सुती कापड बरं.

सांगाडा देण्याआधी

इंजिन एकदा बाहेर चालवून बघितल्याशिवाय बॉडी देऊन टाकू नका. गिअरबॉक्ससह इंजिन अँगलच्या पक्क्या स्टँडवर बसवा, रेडिएटर आणि फॅन जोडा, छोट्या कॅनमधून पंपाने पेट्रोल द्या, कॅन इंजिनापासून लांब. आधी पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारा. ऑइलचा दिवा विझला की फ्यूज घाला. गाळ्याचं दार पूर्ण उघडं हवं.

चालू झालं नाही तर घाबरून सेन्सर बदलू नका. गाडीत असताना पत्र्याची बॉडी हीच सगळ्यांची अर्थिंग होती, आणि ती आता नाही. इंजिन ब्लॉक, ईसीएमच्या अर्थच्या वायरी आणि बॅटरीचं निगेटिव्ह जाड वायरने एकत्र जोडा, मग वहीतला अर्थिंगचा आकडा काढून एकेक मोजा. तरीही नाही, आणि इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतोय, तर चावीची रिंग चावीपासून लांब राहिली आहे.

इंजिन पंधरा मिनिटं नीट चाललं, फॅन आपोआप लागला आणि बंद झाला, की बॉडीवर शेवटची नजर टाका: लहान कंस, वायरिंगच्या क्लिपा, एअर फिल्टरचा डबा, हॉर्न, कूलंटची बाटली. दरवाजे, काचा आणि सीट चालत्या ईकोवाल्यांना लागतात, ते वेगळे विका. सांगाडा पावतीवर द्या, आरटीओच्या कागदाची प्रत त्या पावतीला जोडा, आणि दोन्ही नंबर प्लेट आरटीओला जमा करायच्या नसतील तर स्वतःच्या हाताने कापून तुकडे करा. अखंड प्लेट आणि चेसिस नंबर असलेला सांगाडा एकाच माणसाच्या हाती गेला, तर तो नंबर उद्या चोरीच्या गाडीवर फिरू शकतो, आणि पोलीस तुमच्या दारात येतात.